ट्रस्टच्या ऑफिसात बसणारा माणूस नेमकं काय करतो? दोंडाईचा ते धुळे, कागदांचा प्रवास

दोंडाईचा म्हटलं की मिरचीचा बाजार, स्टार्चचा कारखाना आणि सुरत-भुसावळ लाईनवरचं स्टेशन एवढं बहुतेकांना आठवतं. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावात दादासाहेब रावल कॉलेज चालवणारी स्वोद्धारक विद्यार्थी संस्था आहे. ही झाली मोठी संस्था. पण खान्देशातल्या कुठल्याही बाजारपेठेच्या गावात वाचनालय, गोशाळा, वसतिगृह, देवस्थान, समाजाचं मंगल कार्यालय असं चालवणारे छोटे ट्रस्टही असतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही मंडळी मानद, म्हणजे बिनपगारी. आपापलं दुकान, शेती सांभाळून आठवड्यातून एकदा चक्कर मारणारी. रोज कुलूप उघडून खुर्चीत बसतो तो पगारी माणूस. कुठे त्याला क्लार्क म्हणतात, कुठे मॅनेजर, देवस्थानात दिवाणजी.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पावत्या फाडायच्या आणि फोन उचलायचे. प्रत्यक्षात संस्थेचं कायदेशीर अस्तित्व याच टेबलावरच्या फायलींवर टिकून असतं.

आधी, ट्रस्ट म्हणजे काय?

गणपतीची वर्गणी गोळा करणारं मंडळ आणि नोंदणीकृत संस्था यांत फरक आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. उत्सव संपला, हिशेब दिला, विषय संपला. नोंदणीकृत संस्थेचा विषय संपत नाही.

महाराष्ट्रात या संस्थांना लागू होतो तो 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याच्या नावात आता ‘महाराष्ट्र’ आहे. खान्देशातल्या नामवंत संस्था याहून जुन्या आहेत. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 चं, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 चं. कायदा आला तेव्हा आधीपासून चालणाऱ्या ट्रस्टनाही नोंदणी लागू झाली. सरकारने धर्मादाय संस्थांत एवढं लक्ष घालावं का, हा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. 1954 च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात कोर्टाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला.

संस्थेच्या लेटरहेडवर बऱ्याचदा दोन नोंदणी क्रमांक दिसतात. एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याचा, दुसरा धर्मादाय कार्यालयाचा. दुसऱ्या क्रमांकाच्या सुरुवातीचं अक्षर बघा. ‘एफ’ असेल तर ती सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था, ‘ई’ असेल तर धर्मादाय ट्रस्ट.

सगळ्यात महत्त्वाचा कागद: शेड्यूल वन

धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा म्हणजे शेड्यूल वन. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसा संस्थेला हा. विश्वस्त कोण आहेत, मालमत्ता काय आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. यात काहीही बदल झाला, कोणी वारलं, राजीनामा दिला, नवीन कार्यकारिणी निवडून आली, तर कलम 22 नुसार 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो.

आणि सगळ्यात जास्त संस्था इथेच अडकतात.

होतं काय की, एखादे ज्येष्ठ विश्वस्त वारतात. सगळे आपलेच. घरच्यांकडे मृत्यूचा दाखला मागायला लगेच कोण जाणार? महिने जातात, मग वर्षं. पुढची निवडणूक होते, तिचाही रिपोर्ट जात नाही. दहा वर्षांनी शाळेच्या खोल्यांसाठी निधी मिळायची वेळ येते, देणारी कंपनी ताजा उतारा मागते, आणि उताऱ्यावर निम्मी नावं दिवंगतांची निघतात. बँक सह्या बदलून द्यायला तयार होत नाही. त्यात संस्थेत दोन गट असतील तर ‘खरी कार्यकारिणी कोणती’ हा वाद सुरू होतो आणि जुनी, शेवटची मंजूर झालेली नोंद हाच पुरावा ठरतो. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण प्रत्येक जुन्या बदलाची सभा-नोटीस, ठराव, नव्या सदस्यांची संमतीपत्रं शोधावी लागतात. ती ऑफिसातल्या माणसाने जपली असतील तरच सापडतात.

हे सगळं होतं धुळ्यात. दोंडाईचाला रेल्वे आहे खरी, पण ती धुळ्याला थेट जात नाही, त्यामुळे एसटी नाहीतर मोटरसायकल. एक कागद कमी पडला की अख्खा दिवस गेला. आता बरंचसं काम धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून होतं, तरी सुनावणीची तारीख लागली की फाईल घेऊन माणूस जातोच.

जमिनीचं प्रकरण आणखी नाजूक. कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त आणि इमारत किंवा बिनशेती जागा 3 वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तरी परवानगी हवी. रस्त्याकडेचा गाळा ‘आपल्याच माणसाला’ पाच वर्षांसाठी लिहून दिला, हे फार ऐकू येतं. तो करार टाईप करणारा हा नियम जाणत असेल तर पुढचा त्रास वाचतो.

वर्षभराचं गणित

कायद्याचं वर्ष ठरलेलं असतं. उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर असलेल्या ट्रस्टचं अंदाजपत्रक नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर. 31 मार्चला हिशेब बंद. मग कीर्द, खतावणी, व्हाउचर, बँक पासबुक सगळं सीएकडे. ऑडिटचा ताळेबंद शेड्यूल 8 मध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल 9 मध्ये, ते सप्टेंबरअखेरपर्यंत.

प्राप्तिकराचं खातं वेगळं. (2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे लोकांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक दिले आहेत.) संस्थेच्या स्वतःच्या करमाफीसाठी 12एबी, देणगीदाराच्या सवलतीसाठी 80जी. या नोंदण्या पूर्वी एकदा मिळाल्या की मिळाल्या. 2021 पासून त्या मुदतीच्या झाल्या. बहुतेक संस्थांची पहिली पाच वर्षं 31 मार्च 2026 ला संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, 30 सप्टेंबर 2025 पर्यंत करायचा होता. छोट्या संस्थांना 12एबी आता दहा वर्षांसाठी मिळते, 80जी मात्र पाचच. एवढी लांबची तारीख कुणाच्या लक्षात राहते? कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवणाऱ्याच्या.

देणगीची पावतीसुद्धा साधी गोष्ट राहिलेली नाही. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर देणगीदाराला 80जीची सवलत मिळत नाही, आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. वर्षभरातल्या देणगीदारांची नावं, पत्ते, पॅन किंवा आधार यांची यादी 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडीमध्ये भरायची, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. बाजारात अडत दुकानावर जाऊन ‘शेठ, पॅन द्या’ म्हणणं सोपं नाही. शेठ हजार रुपये सहज देतात, पॅन विचारला की चहा मागवतात. पण नाव-पत्ता नसलेल्या देणग्या मर्यादेबाहेर गेल्या तर धर्मादाय संस्थेला त्यावर 30 टक्के कर बसतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर सीएसआर-1 नोंदणी लागते. परदेशी देणगी हवी तर एफसीआरए, ज्यात 2020 पासून पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा होतो आणि प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे. ऑफिसातल्या पगारांचा मोठा भाग याच 20 टक्क्यांत मोजला जातो.

सही कुठे करायची, कुठे नाही

खरा पेच हिशेबात नसतो, इतिवृत्तात असतो. ‘मीटिंग झाली असं लिहून टाक, सह्या घेऊ नंतर’ हे वाक्य छोट्या संस्थांत नवीन नाही. बहुतेक वेळा त्यामागे लबाडी नसते, आळस असतो. पण पुढे वाद कोर्टात गेला की अक्षर कोणाचं, हे विचारलं जातं. कायद्याने हिशेबाची जबाबदारी विश्वस्तांची आहे, क्लार्कची नाही. तरीही न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहिणारा किंवा दुसऱ्याची सही ठोकणारा स्वतः गुन्ह्यात येऊ शकतो. ‘आबा, सभा शुक्रवारी ठेवू, आजच नोटीस काढतो’ एवढं म्हणता येतं, आणि बहुतेक आबा ऐकतातही. सह्या केलेले कोरे चेक ड्रॉवरमध्ये ठेवण्याचंही तसंच.

दुसरा पेच पगाराचा. मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त आकड्यावर सही मागितली गेली, तर ती न केलेली बरी. पगार बँकेतून घेतला की हा प्रश्नच उरत नाही.

‘समाजसेवा आहे’ म्हणून हक्क संपत नाहीत. 20 कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी, 10 असतील तर ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती, हे ट्रस्टलाही लागू आहे. एका बाबतीत मात्र दार अरुंद झालं आहे. 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ एवढा व्यापक केला होता की बऱ्याच धर्मादाय संस्थाही त्यात आल्या आणि कामावरून काढलेल्याला कामगार न्यायालयात जाता येत होतं. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने प्रामुख्याने धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांना या व्याख्येतून वगळलं. त्यामुळे लेखी नेमणूकपत्र आज पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं आहे. त्यात पद, पगार, नोटीस कालावधी आणि कामाचे तास असायला हवेत.

नोकरी सोडताना चार्ज यादी करायची: पावती पुस्तकं (वापरलेली, कोरी आणि रद्द), प्रोसिडिंग बुक, मूळ नोंदणी प्रमाणपत्रं, शेड्यूल वनचा शेवटचा उतारा, डेडस्टॉक रजिस्टर, पोर्टलचे पासवर्ड, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते. यादीवर सचिवांची सही आणि तारीख घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवायची.