लागेल कधीतरी

चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि घर आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पारनेर तालुक्यातलं आमचं जुनं घर. पुढे ओसरी, मागे तीन खोल्या. त्यातली एक खोली दहा-बारा वर्षं कुणी वापरलीच नव्हती, कारण तिच्यात आजीचं सामान होतं. आजी चार दिवस आत्याकडे गेली होती. मी पुण्याहून सुट्टी टाकून आलो, भावाला हाताशी घेतलं आणि खोली उघडली.

गोणीत गोण्या भरलेल्या. तेलाचे रिकामे डबे. दुधाच्या पिशव्या, धुऊन, वाळवून, सुतळीने गठ्ठे बांधलेल्या. काड्या मोडलेल्या छत्र्या, जोड हरवलेल्या चपला. एका पत्र्याच्या पेटीत नुसते कागद: सोसायटीच्या पावत्या, रेशनकार्डं, लाइट बिलं, ज्यांची पोरं आता कॉलेजला आहेत अशांच्या लग्नपत्रिका. संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याचा टेम्पो भरला. त्याने साडेसहाशे रुपये दिले. खोलीत पाहुण्यांच्या गाद्या टाकल्या. आजी खूश होईल असं मला खरंच वाटलं होतं.

ती परत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं गेलं रं समदं?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ऐन लग्नाच्या घरात तिचं जेवण तुटलं. तिसऱ्या दिवशी मांडवातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ती पदराआड गोळा करताना दिसली.

पुण्याला परतल्यावर मी याचं उत्तर शोधत बसलो. इंजिनिअरची सवयच ती. एरर दिसली की मूळ कारण शोधायचं. पहिलं कारण लगेच सापडलं: बहात्तरचा दुष्काळ.

आमचा नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. म्हणून देशावरच्या माणसाला साठवण कुणी शिकवावी लागली नाही. जमिनीत पेव खणायचं, तळाला आणि कडेला काड अंथरायचं, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस मरतो, हेही घराघरात ठाऊक असायचं. ज्याच्या घरी साठा, तो शहाणा.

१९७२ साली पाऊस पडलाच नाही. आधीची दोन वर्षंही ओढाताणीचीच होती, त्यामुळे कणग्यांत शिल्लक उरली नव्हती. सरकारी भाषेत तो 'दुष्काळ' नव्हताच. १९६३ साली महाराष्ट्राने आपल्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्दच काढून टाकला होता, त्याजागी 'टंचाई' आली. त्या टंचाईत राज्यभर रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी, म्हणजे दर दहा माणसांत एक जण. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तो धडा घेतला.

त्या पन्नास लाखांत माझी आजी होती. बाविशीची, खडी फोडणारी. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीची चव आजी अजून तोंड वाकडं करून सांगते. ज्या बाईने हे सगळं पाहिलं, ती दुधाची पिशवी कशी फेकेल? माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं.

पण पेटीतले कागद या उत्तरात बसेनात. पिशवी उपयोगाला येते, तीस वर्षांपूर्वीचं लाइट बिल कशाला येतं? तिथे मला आणखी शंभर वर्षं मागे जावं लागलं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा नेला. काही दिवसांतच हे लोण नगर जिल्ह्यात पोचलं, आमच्या पारनेर भागातही. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. यात माणसांना मारहाण फारशी झाली नाही. जमावाला हवे होते ते कर्जरोखे. ते मागून घ्यायचे आणि जाळायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सारावाढ उरावर बसली. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याने कागदावर नांगराची निशाणी करून दिलेली असायची. वर काय लिहिलंय ते कोर्टातच कळायचं, तोवर जमीन गेलेली.

यावर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात एक तरतूद अशी होती की फेडलेल्या पैशांची लेखी पावती मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क. म्हणजे एका पिढीने कागद जाळले आणि पुढची पिढी कागद जपायला लागली. पावती हाताशी असेल तर वाचशील, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळतं. आजीला वाचता येत नाही. त्यामुळे कुठला कागद कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे तिला ठरवता येत नाही. मग सगळेच ठेवायचे. यात वेडेपणा कुठे आहे?

इथवर सगळं छान जुळलं होतं. मग शेजारची काकू आठवली. आजीच्याच वयाची, त्याच तलावाच्या कामावर असलेली, तिलाही वाचता येत नाही. तिचं घर आरशासारखं स्वच्छ. दुष्काळ अख्ख्या गावाने पाहिला, खोली फक्त आमचीच भरली.

संशोधकांनाही नेमकं हेच कोडं पडलं होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट यांनी नव्वदच्या दशकापासून यावर काम केलं. गरिबीत वाढलेली माणसं वस्तू जमवतात हा सगळ्यांचा अंदाज तपासला, तेव्हा तो टिकला नाही. जमवणारे आणि न जमवणारे, दोघांच्या भूतकाळातल्या टंचाईत फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासांत वेगळ्या गोष्टी समोर आल्या. ही सवय घराण्यात चालते, बहुधा किशोरवयात सुरू होते, वयाबरोबर वाढते. आणि अनेकांच्या आयुष्यात जबर धक्के सापडतात, त्यात जवळच्या माणसाचं जाणंही येतं. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हा स्वतंत्र आजार आहे.

न्यूयॉर्कचे कोलियर बंधू याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. डॉक्टरांची मुलं, स्वतःचं मोठं घर, खाण्यापिण्याची ददात नाही. १९४७ मध्ये दोघे त्याच घरात मेलेले सापडले. आतून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. थोरला होमर आंधळा झाला होता. धाकटा लँगली वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं साठवत होता, कारण भावाची दृष्टी परत आली की त्याला राहिलेल्या सगळ्या बातम्या वाचता येतील. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि आईला फोन लावला. आजीने फेकलेल्यातलं काही नाव घेऊन मागितलं का, एवढंच विचारलं.

आई म्हणाली, एकच. जर्मनचा एक पोचा आलेला डबा. कामावरची सुकडी ती त्यात झाकून आणायची, माझ्या थोरल्या आत्यासाठी. या आत्याला मी पाहिलेलं नाही. ती चार वर्षांची असताना जुलाब-उलट्यांनी गेली. तिचा फोटोही नाही.

मी भंगारवाल्याकडे गेलो होतो. माल केव्हाच पुढे गेला होता.

आजीला तो आजार आहे की नाही, हे मी ठरवणार नाही. त्याला डॉक्टर आहेत, आणि बोलण्यातून होणारे उपचारही. पण तज्ज्ञ एक गोष्ट बजावून सांगतात: माणसाला न विचारता घर रिकामं करू नका, त्याने त्रास वाढतो आणि घर पुन्हा भरतं. आमचंही भरलं. सहा महिन्यांत खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

आता महिन्यातून एकदा मी गावी जातो. एक गोणी ओसरीवर आणायची, आजीच्या पुढ्यात ओतायची. ती एकेक वस्तू हातात घेते आणि ती कुठून आली ते सांगते. मी ऐकतो. कागद असेल तर वाचून दाखवतो, मग ती ठरवते. मागच्या खेपेला दोन तास बसलो. सगळी मिळून चार लाइट बिलं आणि एक छत्री निघाली. बाकीचं तिने परत गोणीत भरलं आणि तोंड बांधायला माझ्याकडे सुतळी मागितली.