पावतीवरील विक्रीकर : मोटारखरेदीतील एका तंट्याचा इतिहास

विक्रीकर हा वसंतातल्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो, असे आम्ही कळविले तेव्हा चालक मंडळी थोडी दचकली. त्यांचा दोष नाही. कराचे नाव काढले की माणूस घड्याळाकडे पाहतो. परंतु ह्या सभागृहाबाहेर ज्या स्कूटर, रिक्षा आणि मोटारी उभ्या आहेत त्यांपैकी प्रत्येकीच्या पावतीवर कराची एक ओळ आहे, आणि ती ओळ ज्याने वाचून, ताडून, मग पैसे मोजले असा गृहस्थ आम्हांला अद्याप भेटायचा आहे. आम्ही स्वतःही ती कधी वाचली नव्हती. एका रिक्षावाल्याने ती आम्हांला वाचायला लावली.

आमचे शाळेचे शिक्षण सातवीत आटोपले. पुढची विद्या गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यांत मिळाली. १९९८ च्या पावसाळ्यात आमच्या संघटनेचा एक सभासद नव्या रिक्षाची पावती घेऊन कचेरीत आला. त्याने कर्ज काढून गाडी घेतली होती. हिशेब पक्का असलेला माणूस. विक्रीकराची रक्कम दराशी जुळत नाही एवढे त्याने ताडले होते. आम्ही कागद पुढे ओढून बेरीज केली. व्यापाऱ्याने गाडीच्या किमतीत विम्याचा हप्ता आणि नोंदणीचा खर्च मिळविला होता आणि त्या सगळ्या बेरजेवर विक्रीकर लावला होता. विमा हा काही त्याने विकलेला माल नव्हे. फरक साडेअकराशे रुपयांच्या घरात होता. रिक्षावाल्याच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा येत असे.

आम्ही दुकानात गेलो. शेटजींनी चहा मागविला आणि म्हणाले, "साहेब, कर आम्ही खिशात घालतो का? तो सरकारजमा झाला. तिकडे मागा." आम्ही विक्रीकर कचेरीत गेलो. तेथला अधिकारी सज्जन होता. त्याने पावती नीट पाहिली आणि म्हणाला, "करदाता तो व्यापारी. तुम्ही आमच्या दप्तरात कोणीच नाही. त्याने जादा घेतला असेल तर त्याच्या आकारणीच्या वेळी पाहू." म्हणजे ज्याने पैसे दिले तो करदाता नव्हे, आणि जो करदाता त्याने पैसे दिलेले नाहीत. बाहेर येताना आमचा सभासद म्हणाला, "मग मी दिलं ते काय होतं?" ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमच्या कितीतरी रविवारच्या दुपारी ग्रंथालयात गेल्या, आणि आज जे सांगणार आहोत ते तेथलेच.

ह्या कथेचा आरंभ नागपुरास होतो. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार मिळाला, पण तो वापरावा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसविला. मोटारीचे चाक आणि विक्रीकर ह्यांची गाठ अशी पहिल्याच दिवशी पडली. दिल्लीचे म्हणणे असे की हे तर उत्पादनशुल्क झाले, आणि उत्पादनशुल्क आमचे. वाद नव्या फेडरल न्यायालयापुढे गेला. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर असे तिघे न्यायमूर्ती होते. त्यांनी प्रांताच्या बाजूने कौल दिला. लगेच १९३९ मध्ये मद्रासेत राजगोपालाचारींच्या सरकारने सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीने बुडालेले उत्पन्न कोठून तरी भरून काढणे त्यांना भाग होते. पिणाऱ्याचा कर न पिणाऱ्यावर आला असे त्यावर कोणी म्हटले असेल तर ते अगदीच खोटे नव्हे. मुंबई प्रांताने १९४६ साली आपला कायदा केला.

खरी लढाई राज्यघटनेनंतर जुंपली, आणि ती जुंपविली मोटारव्यापाऱ्यांनी. मुंबई राज्याने १९५२ साली नवा विक्रीकर कायदा आणला. मुंबईतील युनायटेड मोटर्स ही कंपनी इतर काही मोटारव्यापाऱ्यांसह उच्च न्यायालयात गेली. मुंबईच्या दुकानातून मोटार विकली पण ती दुसऱ्या राज्यात जाऊन वापरली जाणार असेल तर कर कोणी घ्यावा, हा त्यातला गाभ्याचा प्रश्न होता. मुख्य न्यायाधीश छागला आणि न्यायमूर्ती दीक्षित ह्यांनी १९५२ च्या डिसेंबरात कायदाच रद्द ठरविला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० मार्च १९५३ रोजी जिंकून आले. बहुमताचा निर्णय असा पडला की माल ज्या राज्यात वापरासाठी पोचता होतो त्या राज्याला कर घेता येईल. ह्या निकालाने देशभरच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. एका दुकानदाराला दहा राज्यांच्या नोटिसा येऊ लागल्या. मग बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यात ६ सप्टेंबर १९५५ रोजी त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी आपले म्हणणे फिरविले आणि सांगितले की संसद कायदा करीपर्यंत आंतरराज्य विक्रीवर कोणत्याच राज्याने कर घेऊ नये. मधल्या काळात घेतलेला कर परत द्यावा लागेल म्हणून राज्ये घाबरली. तेव्हा संसदेने १९५६ साली एक कायदा करून मागची वसुली पक्की केली, घटना दुरुस्त केली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आणला.

ह्या तीन वर्षांत राज्यांना काय मिळाले आणि व्यापाऱ्यांना काय मिळाले, हे निकालपत्रांत सविस्तर आहे. ज्यांनी त्या मोटारी विकत घेतल्या आणि पावतीवर कर मोजला, त्यांना काय मिळाले ह्याचा उल्लेख आम्ही पुष्कळ शोधला. इंग्रजी वाचताना आमच्या बोटाखाली शब्दकोश असतो, त्यामुळे एखादी ओळ नजरेतून सुटली असे होणे कठीण. त्या खटल्यांत एका बाजूला राज्य आहे, दुसऱ्या बाजूला व्यापारी आहे. गिऱ्हाईक कोठेच नाही.

आमच्या सभासदाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले ते १९५८ सालच्या टाटा लोखंड-पोलाद कंपनी विरुद्ध बिहार राज्य ह्या निकालात. न्यायालय म्हणते की विक्रीकर मुळात विकणाऱ्यावर आहे. तो त्याने गिऱ्हाइकाकडून वसूल करावा अशी परवानगी कायद्याने दिली असली तरी सरकारचा ऋणको तोच. पुढे १९६१ मध्ये जॉर्ज ओक्स ह्या मद्रासच्या मोटारव्यापाऱ्यांचा खटला आला. त्यांचे म्हणणे असे की पावतीवर वेगळा दाखविलेला कर आमच्या उलाढालीत धरू नका, तो आमचा पैसा नव्हे. न्यायालयाने ते मानले नाही. गिऱ्हाइकाने गाडीसाठी जे एकूण मोजले ती किंमतच, मग पावतीवर तिचे दोन तुकडे केलेले असोत की तीन. म्हणजे आमच्या रिक्षावाल्याने जे दिले त्याला 'कर' हे नाव पावतीवर होते. कायद्याच्या डोळ्याने तो किमतीचाच एक भाग होता. शेटजी जेव्हा "सरकारजमा झाला" म्हणाले तेव्हा ते एका अर्थी खरे बोलत होते आणि दुसऱ्या अर्थी आपली जबाबदारी आमच्यावर टाकीत होते.

मग जादा घेतलेल्या पैशाचे काय? येथे हैदराबादचे एक विड्याच्या पानांचे व्यापारी उपयोगी पडतात. आर. अब्दुल कादर आणि कंपनी हे त्यांचे नाव. त्यांनी गिऱ्हाइकांकडून विक्रीकर म्हणून पैसे गोळा केले आणि सरकारात भरले नाहीत, कारण तो कर त्यांच्यावर लागूच नव्हता. सरकार म्हणाले, कर नसेल तर नसो, आमच्या नावाने घेतलेत ना, मग टाका इकडे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ठरविले की जो कर नाही तो वसूल करण्याचा अधिकार राज्याला नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण परिणाम पाहा. पानवाल्या-पानवाल्याकडून गोळा झालेला पैसा सरकारला मिळाला नाही, पानवाल्यांना परत गेला नाही, तो मोठ्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात राहिला.

आपल्या मुंबईच्या १९५९ च्या कायद्याने ह्यावर तोडगा काढला होता. नसलेला कर घेण्यास त्याने बंदी केली, आणि कोणी घेतलाच तर ती रक्कम सरकारजमा करण्याची तरतूद केली. गुजरातेतही हाच कायदा चालू राहिला होता. तेथून अजित मिल्सचा खटला १९७७ मध्ये सात न्यायमूर्तींपुढे आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि जप्ती वैध ठरविली. मात्र व्यापाऱ्याने जेवढे पैसे गिऱ्हाइकांना परत केले असतील तेवढे जप्तीतून वगळावे असे सांगितले. इतक्या वर्षांच्या वाचनात गिऱ्हाइकाला पैसे परत जाऊ शकतात हे वाक्य आम्हांला येथे भेटले. त्या रविवारी ग्रंथपालांनी दिवे मालवले तेव्हाच आम्ही उठलो.

हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांचा एक निराळाच घोळ होता, तो थोडक्यात सांगतो. भाडेखरेदीत गाडीची मालकी शेवटच्या हप्त्यानंतर बदलते, मग विक्री झाली केव्हा? कोइमतूरच्या के. एल. जोहार ह्यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की शेवटी पर्याय वापरला तेव्हा, आणि कर त्या वेळच्या किमतीवर. झिजलेल्या गाडीची किंमत ती किती! अखेर १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हप्त्यावर दिलेल्या मालावर आरंभीच कर घेण्याची वाट मोकळी झाली.

१९८० नंतर तंट्याने वेश बदलला. एका राज्यात कराचा दर कमी, शेजारी जास्त. तेव्हा शहाणी माणसे हद्द ओलांडून गाडी घेऊ लागली. महाराष्ट्राने १९८७ साली बाहेरून येणाऱ्या मोटारींवर प्रवेशकर बसविला आणि बाहेर भरलेला विक्रीकर त्यातून वजा देण्याची सोय ठेवली. वजावट मिळायची तर बाहेरच्या व्यापाऱ्याची पावती बिनचूक हवी. ती नसली म्हणजे गाडीवाला दोन्हीकडे भरी. शेवटी सर्व राज्यांनी बसून १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे किमान दर एकसारखे ठेवावे असे ठरविले आणि ही स्पर्धा बरीच थंडावली. २००५ च्या १ एप्रिलला आपल्याकडे विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला.

आमच्या रिक्षाचे काय झाले ते सांगायचे राहिले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावाने उभे राहण्याची जागा दिली होती. आम्ही जिल्हा मंचात अर्ज केला. त्यात कराविषयी तक्रार केलीच नाही. किंमत जादा घेतली एवढेच लिहिले, कारण १९५८ आणि १९६१ चे निकाल आम्हांला तेच शिकवीत होते. दुसऱ्या तारखेला व्यापाऱ्याचे वकील आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, मिटवून टाकू. पैसे आले. सोबतच्या कागदावर शेटजींनी 'कर परत' असे लिहिले नव्हते, 'विशेष सूट' असे लिहिले होते. आम्ही हट्ट धरला असता, पण सभासद म्हणाला, "दादा, नाव काहीही देऊ दे, हप्त्याची तारीख उद्या आहे."

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मोटारीवर अठ्ठावीस टक्के कर व वर उपकर अशी रचना झाली. दर कमी झाला तर त्याचा लाभ गिऱ्हाइकाला दिलाच पाहिजे, असे कलम ह्या वेळी कायद्यात घातले होते, आणि ते पाहण्यासाठी नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले होते. त्या प्राधिकरणाचा २०१८ च्या मार्चमधला पहिलाच आदेश कशाविषयी असावा? मोटारीविषयी. बरेलीच्या एका ग्राहकाने जुन्या करात गाडी नोंदविली होती आणि नव्या करात ती हाती आली होती. व्यापाऱ्याने लाभ दिला नाही अशी त्याची तक्रार होती. चौकशीत लाभ मिळाला होता असे दिसले आणि तक्रार फेटाळली गेली. तो हरला हे खरे. तरी आम्ही तो आदेश मोठ्या समाधानाने वाचला. ऐंशी वर्षांच्या ह्या कज्ज्यात वादीच्या जागी अखेर गाडी विकत घेणारा माणूस उभा होता.

ते समाधान फार टिकले नाही. २०२२ च्या १ डिसेंबरला ते प्राधिकरण गुंडाळून काम स्पर्धा आयोगाकडे दिले गेले, तेथून ते अपील न्यायाधिकरणाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद झाले. त्यानंतर सहाच महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, लहान मोटारी आणि तीनचाकी गाड्या ह्यांवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. दर पडला तेव्हा दार लागलेले होते. ग्राहक आयोगाचे दार अर्थात उघडे आहे, पण तेथे जाणाऱ्याने आपला कागद आपणच सांभाळला पाहिजे.

त्या आठवड्यात आमच्या कचेरीत रिक्षावाल्यांची रीघ लागली. कोणी ऑगस्टमध्ये आगाऊ रक्कम भरलेली, कोणाची पावती सप्टेंबरच्या मध्यावर फाडलेली, कोणाची गाडी दसऱ्याला मिळायची. दर बदलाच्या आगेमागे झालेल्या विक्रीला जुना दर लागतो की नवा, हे कायद्याच्या चौदाव्या कलमात तीन तारखांवरून ठरते : पैसे कधी दिले, बीजक कधी झाले, गाडी कधी ताब्यात आली. आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले आणि प्रत्येकाला खडू हाती देऊन आपापल्या तारखा लिहायला लावल्या. पहिला रकाना सर्वांनी भरला, तिसराही भरला. मधल्या रकान्यापाशी बहुतेकांचा हात थांबला. बीजक पुष्कळांनी दुकानातच ठेवले होते. तेव्हा आम्ही त्यांना परत पाठविले, बीजक घेऊन या म्हणून.