मत्स्यपेटीचे गाळणयंत्र

घरगुती मत्स्यपेटीतील पाणी अखंड फिरते ठेवून त्यातील मळ अडविणारे, आणि माशांच्या उत्सर्गातून उत्पन्न होणारे विष सूक्ष्मजंतूंकरवी निरुपद्रवी करून घेणारे साधन. व्यवहारात यास फिल्टर असेच म्हणतात. यांपैकी पहिले कार्य डोळ्यांना दिसते म्हणून गिऱ्हाईक बहुधा तेवढेच पाहून यंत्र पसंत करते. वस्तुतः माशांचे जीवित दुसऱ्यावर अवलंबून असते.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य कुजूनही तोच निर्माण होतो, आणि तो साचला म्हणजे पाणी निर्मळ दिसत असतानाही मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागतात. एका वर्गाचे जंतू या अमोनियाचे नायट्राइट, व दुसऱ्या वर्गाचे जंतू त्या तितक्याच घातक नायट्राइटचे सौम्य नायट्रेट करतात; परंतु हे जंतू पाण्यात तरंगत न राहता पृष्ठभागास चिकटून वाढतात व त्यांना मुबलक प्राणवायू लागतो, सबब जे यंत्र त्यांस अधिक पृष्ठभाग व वाहते पाणी पुरवील तेच श्रेष्ठ मानावे. ही वसाहत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे मोजकेच ठेवावेत. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० मध्ये दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी यांचा समतोल यंत्राविना साधून दाखविला होता खरा. पण माशांनी गजबजलेल्या आजच्या पेटीस तो दाखला लागू पडत नाही.

लहान पेटीस, विशेषतः गप्पीची पिले किंवा संथ पाण्यात रमणारा फायटर असेल तर, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत भरवशाचा. त्याची किंमत अल्प, ओढ मंद, आणि बुडबुड्यांनी पृष्ठभाग हलता राहिल्यामुळे प्राणवायूही पाण्यात मिसळतो. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने हा गुण क्षुल्लक नव्हे. स्पंज धुताना पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनचार वेळा पिळावा व तपकिरी गाळ निघाला की थांबावे; नळाखाली धरल्यास क्लोरीनमुळे जंतूंचा संहार होतो. काठावर टांगावयाचा फिल्टर मध्यम पेटीस पुरतो. गोल्डफिश फार घाण करतो, म्हणून त्याच्या मोठ्या पेटीस बाहेर ठेवावयाचा, सिरॅमिकच्या सच्छिद्र नळ्यांनी भरलेला कॅनिस्टर घ्यावा. सक्रिय कोळसा रंग व वास शोषतो, पण काही आठवड्यांत निकामी होतो. तो अत्यावश्यक नाही.

क्षमतेचा अदमास असा : ६० सेंमी. लांब, ३० रुंद व ३० उंच पेटीत ५४ लिटर पाणी मावते, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ उरते. तासाला त्याच्या चौपट-पाचपट, म्हणजे १८० ते २२५ लिटर, पाणी फिरावे. खोक्यावरील आकडा बहुधा रिकाम्या यंत्राचा असतो, आत भरण घातल्यावर प्रवाह घटतो. त्यामुळे किंचित वरचढ यंत्र घेणे इष्ट.

जेथे वीज वारंवार जाते तेथे कॅनिस्टर घेण्यापूर्वी विचार करावा. बंद डब्यातील जंतू प्राणवायूवाचून काही तासांत मरू लागतात. अशा वेळी वीज येताच यंत्र तसेच सुरू न करता आतील कुबट पाणी प्रथम ओतून टाकावे, आणि पेटीसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार ठेवावा.