निसटलेल्या पूर्वजाचा शोध : नॉर्वेची चर्च-नोंदवही आणि खानदेशातील दप्तरे

प्रस्तावना

कुलशोध हा विषय मराठी इतिहास संशोधनाला नवा नाही. सनदा, महजर, करीने आणि वतनाच्या तंट्यांतील वंशावळी यांच्या आधारे अनेक घराण्यांचा इतिहास सिद्ध झाला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या घरांतील दप्तरे मिळवून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथेच संशोधन मंडळ स्थापन झाले. तथापि ज्या घरात वतन होते त्याच घरात प्रायः दप्तर होते. सालदार, मजूर, बलुतेदार, आदिवासी आणि गाव सोडून शहरात आलेला कामगार यांचा पूर्वज या साधनांत क्वचितच आढळतो. प्रस्तुत निबंधात अशा निसटलेल्या पूर्वजाचा शोध घेण्याच्या साधनांचा विचार खानदेश, व विशेषतः भुसावळ, यांच्या संदर्भात केला आहे. तुलनेसाठी नॉर्वे या देशातील नोंदींचा आधार घेतला आहे. कारण तेथे वतन नसलेल्या सामान्य शेतकऱ्याचाही माग अनेक पिढ्या मागे नेता येतो.

नॉर्वेची नोंदपद्धती

नॉर्वे आणि खानदेश यांचा संबंध अगदीच दूरचा नाही. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या धर्मोपदेशकाने १८९० मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची स्थापना केली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मिशनने पश्चिम खानदेशातील भिल्ल वस्तीत कार्य केले. ज्या स्थलांतरित समाजातून हे मिशन उभे राहिले, त्या समाजात नॉर्वेतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. १८२५ नंतरच्या सुमारे शंभर वर्षांत नॉर्वेतून ८ लाखांच्या आसपास लोक देशांतरास गेले. त्यांचे वंशज आज आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेतात, तेव्हा त्यांची भिस्त दोन साधनांवर असते : पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावांची, नोंदवही आणि खानेसुमारी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेतील धर्मगुरूंवर बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचे बंधन आले. १८१२ पासून छापील रकाने आले आणि नोंदवहीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पॅरिशमध्ये कोण आला व कोण गेला, याचीही नोंद होऊ लागली. १८०१ च्या खानेसुमारीत प्रत्येक व्यक्ती नावानिशी आहे, तर १८६५ पासून जन्मस्थळही मिळते. ही पत्रके जतन झाली आणि शंभर वर्षांची गोपनीयता संपताच संशोधकांस खुली होत गेली. १९२० ची खानेसुमारी २०२० च्या डिसेंबरात खुली झाली.

असे असूनही नॉर्वेचा पूर्वज निसटतो, आणि तो निसटतो नावामुळे. हान्सचा मुलगा ओले हा 'ओले हान्सेन' आणि या ओलेचा मुलगा 'ओल्सेन' होई. त्यापुढे राहत्या शेतवाडीचे नाव लागे आणि वाडी बदलली की तेही बदले. कायम आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली. त्यामुळे केवळ 'ओले ओल्सेन' एवढ्या नावावर शोध पुढे सरकत नाही. वाडी व पॅरिश कळली, तरच तो सुरू होतो.

खानदेशातील नावांचा प्रश्न

खानदेशातील अभ्यासकास ही अडचण अपरिचित वाटणार नाही. 'पाटील' आणि 'चौधरी' ही आडनावे येथे अनेक जातींत आढळतात. गाव ठाऊक असल्याशिवाय ती काहीच सांगत नाहीत. गावाचे नावही पुरेसे नसते. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव अशी गावे एकाहून अधिक आहेत आणि बुद्रुक व खुर्द यांची गल्लत नित्याची आहे. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतेच. घरात नामदेव असलेला मनुष्य दप्तरात 'नामा' असतो, तुकाराम 'तुका' असतो. जगावे म्हणून दगडू किंवा धोंडू ठेवलेले नाव पुढे शाळेत बदलते. भिल्ल वस्त्यांत जन्मवारावरून ठेवलेली सोम्या, मंगळ्या, बुध्या ही नावे एकाच पाड्यात अनेकांची असतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर नॉर्वे व खानदेश यांत मूलभूत भेद आहे. नॉर्वेच्या ग्रामीण भागात विवाहानंतरही स्त्री आपल्या पित्याचे नाव 'दात्तर', म्हणजे कन्या, या प्रत्ययासह जन्मभर लावीत असे. त्यामुळे आईच्या बाजूनेही वंश मागे नेता येतो. आपल्याकडे विवाहानंतर पित्याचे नाव व आडनाव जातेच, पण पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही बदलते. माहेरची यमुना सासरच्या नोंदीत लक्ष्मी होते आणि दोन्ही नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत हे सांगणारा कागद उरत नाही. निसटलेला पूर्वज म्हणून ज्याचा शोध घेतला जातो तो बहुधा पुरुष असतो. निसटलेल्या स्त्रीचा शोध बहुधा सुरूच होत नाही.

खानेसुमारी : आकडे उरले, माणसे गेली

हिंदुस्थानात पहिली व्यापक खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी गणना झाली. गणनादारांनी घरोघरी नावानिशी पत्रके भरली होती. परंतु शासनास हवे होते ते जात, धर्म, व्यवसाय यांचे तक्ते. ते तयार झाल्यावर मूळ पत्रके जतन करण्यात आली नाहीत. परिणामी खानदेशात अमुक जातीचे किती लोक होते हे सांगता येते, पण ते कोण होते हे सांगता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार हे अभिलेख तपासणीस खुले नाहीत आणि पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. याला जवळचा अपवाद १९५१ च्या जनगणनेबरोबर तयार झालेल्या 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' याचा आहे. त्यात घरनिहाय नावे नोंदविली गेली. ज्या गावी ते टिकले आहे, तेथे ते मोलाचे साधन ठरते.

कोतवाल बुक व अन्य स्थानिक साधने

नॉर्वेच्या चर्च-नोंदवहीशी सर्वाधिक साम्य असलेले खानदेशातील दप्तर म्हणजे जन्ममृत्यूची नोंद असलेला जुना गाव नमुना नंबर १४. लोकव्यवहारात 'कोतवाल बुक'. त्यात तारीख, पित्याचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण मिळते. १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ, प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा या आपत्ती अशा वह्यांतूनच गावपातळीवर वाचता येतात. मात्र बालकाचे नामकरण होण्यापूर्वीच नोंद होत असल्यामुळे अनेक ठिकाणी केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढाच उल्लेख असतो. म्हणजे पूर्वज नोंदवहीत असतो, पण नावाविना.

म्हणून ही नोंद एकटी वाचून चालत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात व जन्मतारीख मिळते. पण अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख पाहून अभ्यासकाने सावध व्हावे. जमीन असेल तर फेरफाराच्या नोंदवहीतील वारसनोंद पिता-पुत्र संबंध निश्चित करते. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानाच्या तीन-चार पिढ्या एकत्र सापडतात. लेवा पाटीदार समाजात वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या वह्यांची परंपरा आहे. या प्रत्येक साधनाची मर्यादा मात्र त्याच्या हेतूत आहे. फेरफारात भूमिहीन नाही, यात्रेच्या वहीत यात्रेची ऐपत नसलेला नाही, आणि ज्यांस तीर्थक्षेत्री प्रवेशच नाकारला गेला त्यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

भुसावळ : आलेल्यांचे शहर

या सर्व मर्यादा भुसावळात एकत्र येतात. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे पोहोचली, नागपूरकडील फाटा येथूनच निघाला आणि लहानशा खेड्याचे जंक्शन झाले. इंजिनाच्या कारखान्यामुळे व रेल्वे वसाहतीमुळे नाना प्रांतांतील, नाना भाषांची कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांपैकी युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांचा माग तुलनेने सुलभ आहे. मुंबई इलाख्यातील चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यात आहेत. त्यांत पित्याचा व्यवसाय व राहण्याचे ठिकाणही असते. त्याच गाडीवर कोळसा टाकणाऱ्या मजुराच्या मुलाचा जन्म मात्र अशा रीतीने कोठेही पाठविला गेला नाही. मूळ गावात तो जन्मला नव्हता आणि शहरात त्याच्या कुटुंबाची शेती नव्हती. एकाच फलाटावरील दोन कुटुंबांपैकी एकाचा पूर्वज सापडतो व दुसऱ्याचा निसटतो, तो या कारणाने.

शोधाचे आजचे मोल

नॉर्वेचा वंशज पूर्वज शोधतो तो बहुधा जिव्हाळ्यापोटी. महाराष्ट्रात याच शोधावर विद्यार्थ्याचा प्रवेश आणि उमेदवाराची नोकरी अवलंबून असते. २००१ च्या जात प्रमाणपत्रविषयक अधिनियमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासावयाच्या अभिलेखांत गाव नमुना १४, १९५१ चे रजिस्टर व शाळांच्या नोंदवह्या यांचा समावेश होता. मोडी वाचणाऱ्यांची उणीवही तेव्हाच सर्वांस जाणवली.

येथे एक विसंगती उघड होते. जो गावातच राहिला, ज्याची जमीन टिकली, त्याच्यापाशी पुरावा आहे. दुष्काळात गाव सोडून रुळावर कामास आलेल्याच्या नातवापाशी तो नाही. संरक्षणाची गरज ज्याला अधिक, कागद त्याच्याचकडे कमी, अशी ही स्थिती आहे.

निष्कर्ष

१) कोणतेही दप्तर ज्या हेतूने निर्माण झाले त्या हेतूपुरतीच व्यक्ती त्यात उरते. म्हणून नोंद न सापडणे म्हणजे व्यक्ती किंवा तिची जात नसणे, असा अर्थ काढणे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे.

२) पूर्वजाचा शोध नावापासून नव्हे, तर गावापासून आणि ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे, असाच व्हावयास हवा. एकाच नावाच्या दोन नोंदी एका व्यक्तीच्या मानण्यापूर्वी पिता, गाव आणि काळ या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

३) नॉर्वेच्या पद्धतीचे खरे सामर्थ्य नोंदवहीच्या प्राचीनत्वापेक्षा तिच्या दुसऱ्या प्रतीत आणि स्थलांतराच्या रकान्यात आहे. खानदेशातील कोतवाल बुकांस या दोहोंचा आधार नव्हता.

४) तालुका कार्यालये व जुन्या शाळा यांतील जीर्ण वह्यांची गावनिहाय सूची तयार करणे हे इतिहास विभागांना हाती घेता येण्याजोगे कार्य आहे. मोडी वाचनाचे प्रशिक्षण त्याला जोडल्यास, ज्यांच्या घरी दप्तर नव्हते त्यांच्याही पूर्वजांस इतिहासात स्थान मिळू शकेल.