२६ डिसेंबर १९८९ : रुमानियातील गर्भपातबंदी रद्द

हुकूमशहा निकोलाय चाउसेस्कूला गोळ्या घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी रुमानियाच्या नव्या राजवटीने १९६६ चा ७७० क्रमांकाचा हुकूम रद्द केला. लोकसंख्या वाढावी म्हणून या हुकमाने गर्भपातावर बंदी घातली होती. चार मुले झालेल्या किंवा पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांनाच मुख्यतः सूट होती. न पोसवणारी मुले सरकारी अनाथालयांत जात. राजवट कोसळली तेव्हा तिथे १ लाखाहून अधिक मुले होती. बहुतेकांचे आईबाप हयात होते, ही त्यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट.

राजवट गेल्यावर बाजारपेठ खुली झाली, कारखाने बंद पडले, महागाईने घरे मोडली. घर सुटलेली पोरे राजधानी बुखारेस्टच्या गारा दे नॉर्द स्थानकाभोवती जमू लागली. हिवाळ्यात ती जमिनीखालच्या बोगद्यांत, घरोघरी गरम पाणी नेणाऱ्या नळांना बिलगून झोपत. भूक मारायला प्लास्टिकच्या पिशवीत रंग ओतून हुंगत. आठ-दहा वर्षांच्या मुलांवर ही वेळ आणणाऱ्यांना क्षमा नाही.

पुढे रुमानियात १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या बालहक्क कायद्याने, तीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता, दोन वर्षांखालील बाळांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली.