कोणत्याच विभागात न मावणारा विषय

चार्ल्स एलियट 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हवे ते विषय निवडायची मोकळीक दिली. सोप्या विषयांवर पोरांच्या उड्या पडतात अशी ओरड झाली, तेव्हा एलियट यांच्या जागी 1909 मध्ये आलेल्या लॉवेल यांनी लगाम खेचला: एका विषयात खोल उतरा, बाकीच्यांची तोंडओळख करून घ्या. मुख्य विषय तो ‘मेजर’ आणि जोडविषय तो ‘मायनर’, ही नावं मात्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1870 च्या दशकातच रुळू लागली होती. नव्या शैक्षणिक धोरणाने ती आता आपल्या महाविद्यालयांतही आणली आहेत.

पण खुद्द अमेरिकाच शिकायची तर जायचं कोणाकडे? इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या लेखी साहित्य म्हणजे चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन. अमेरिकी कादंबरीकार मेलव्हिल घरचाच, त्यामुळे त्याची किंमत कमी. इतिहासवाल्यांना कादंबरी हा पुरावा वाटत नसे. हार्वर्डने 1906 मध्ये इतिहास आणि साहित्य एकत्र बांधून वाट काढली होती. पुढे सिएटलला शिकवणाऱ्या व्हर्नन पॅरिंग्टन यांनी अमेरिकी विचारप्रवाहांवरचा ग्रंथ 1927 मध्ये काढला, त्याला पुलित्झर मिळालं, आणि या सरमिसळीला प्रतिष्ठा आली. 1937 मध्ये हार्वर्डने अमेरिकी संस्कृतीच्या इतिहासात पीएच.डी. सुरू केली. तिथले पहिले डॉक्टर हेन्री नॅश स्मिथ, 1940 चे.

‘अमेरिकन स्टडीज’ म्हणवल्या जाणाऱ्या या विषयाला पैसा मिळाला तो शीतयुद्धामुळे. विमा आणि रेल्वेत गब्बर झालेल्या विल्यम रॉबर्टसन को यांनी 1950 मध्ये येल विद्यापीठाला भरघोस देणगी दिली, ती साम्यवादाला उतारा म्हणून. त्याचा एक धागा आपल्यापर्यंतही पोचतो. पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली अमेरिकेचं धान्य भारतात यायचं आणि त्याची किंमत रुपयांत इथेच जमा व्हायची. अशाच रुपयांच्या आधाराने हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात, 1964 मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभं राहिलं. रेशनच्या गव्हाला नाकं मुरडणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एवढा पैसा, एवढे विभाग. अभ्यासाची स्वतःची पद्धत मात्र ठरेना. स्मिथ यांनीच 1957 च्या एका निबंधात विचारलं, या विषयाला अशी पद्धत घडवता येईल का? त्यांचं उत्तर सावध होतं: तयार पद्धत नाही, काम करताकरताच ती सापडेल. पुढे पद्धतीबरोबर विषयाच्या व्याप्तीचाही प्रश्न उभा राहिला: 1968-69 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचे विद्यार्थी संपावर गेले आणि वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र विभाग मिळवूनच थांबले. ‘अमेरिका’ म्हणजे नक्की कोण, हा वाद मग या विषयातून हटलाच नाही. 1998 मध्ये अमेरिकन स्टडीज असोसिएशनच्या अध्यक्ष जॅनिस रॅडवे यांनी तर व्यासपीठावरूनच संघटनेच्या नावावर प्रश्नचिन्ह लावलं.

जे प्राध्यापकांना ठरवता आलं नाही, ते पुढे विद्यार्थ्यांवर सोपवलं गेलं असं मला वाटतं. बर्कली विद्यापीठात हा मेजर घेणाऱ्याला आपलं विशेष क्षेत्र स्वतःच आखावं लागतं. समजा त्याने अमेरिकी शहरातली घरं हा विषय धरला, तर वास्तुशास्त्र, भूगोल, इतिहास, समाजशास्त्र यांतले अभ्यासक्रम त्यानेच जुळवायचे. ते एकमेकांशी का जुळतात हे सल्लागाराला पटवून द्यायचं, आणि शेवटी त्याच धाग्यावर प्रबंध लिहायचा.