प्रवेशबंदी आणि जोडीदाराचे प्रायोजकत्व : अमेरिकी कायद्याचा ऐतिहासिक मागोवा

कारंजा लाड या गावाच्या नावातच स्थलांतराची खूण आहे. ‘लाड’ हा शब्द लाट देशाशी, म्हणजे दक्षिण गुजरातशी जोडला जातो. तिकडून आलेल्या व्यापारी कुळांची आठवण गावाने आपल्या नावात जपली, असे मानले जाते. आज याच परिसरात विवाहाची बोलणी चालू असताना ‘व्हिसा’, ‘ग्रीन कार्ड’, ‘स्पॉन्सर’ हे शब्द सहज कानी पडतात. वर किंवा वधू अमेरिकेत असेल तर जोडीदाराला तिकडे केव्हा नेता येईल, हा प्रश्न पत्रिकेइतकाच महत्त्वाचा ठरतो. नियोजित जोडीदारावर काही वर्षांची प्रवेशबंदी असल्यास विवाहामुळे ती उठते, असा एक समज आढळतो. हा समज कितपत योग्य आहे आणि अमेरिकेच्या कायद्याने अशा प्रसंगी पती-पत्नीच्या नात्याला कोणते स्थान दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी विवाह हा बंदीतून सुटण्याचा मार्ग नव्हता. उलट विवाहामुळे बंदीचा विस्तार होत असे. 1907 च्या कायद्यानुसार परकीय पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. 1917 च्या कायद्याने आशियाचा मोठा भूभाग प्रतिबंधित ठरविला व त्यात भारताचा समावेश केला. 1922 मध्ये स्त्रियांच्या नागरिकत्वाचा कायदा सुधारला गेला. तथापि ज्यांना नागरिक होण्याचा हक्कच नाही अशा पुरुषांशी विवाह करणाऱ्या स्त्रिया त्या सवलतीबाहेर राहिल्या. ही तरतूद 1931 मध्ये रद्द झाली. दरम्यान 19 फेब्रुवारी 1923 रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे नागरिकत्वाच्या कायद्यातील ‘श्वेतवर्णीय’ या संज्ञेत येत नाहीत असा निर्णय दिला आणि पूर्वी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले.

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हा प्रसंग आला. त्यांना 1914 मध्ये नागरिकत्व मिळाले होते आणि 1920 मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकी स्त्रीशी विवाह केला होता. नागरिकत्वावर विसंबून आपण वकिली सुरू केली, घर घेतले, संसार थाटला. ते काढून घेतल्यास पत्नीचेही नागरिकत्व जाईल, असे त्यांनी न्यायालयापुढे मांडले. 1926 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील दाखल करून घेण्यास नकार दिला. एकदा दिलेला नागरिकत्वाचा निवाडा अंतिम असतो, हा अपील न्यायालयाच्या निर्णयाचा मुख्य आधार होता. असे असले तरी जोडीदाराच्या नुकसानीचा मुद्दा येथे पुढे आला, याची नोंद घेणे आवश्यक आहे, कारण पुढे त्यालाच कायद्यात स्थान मिळाले.

विदर्भातील एका उदाहरणाचा येथे ओझरता उल्लेख अस्थानी ठरू नये. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीनंतर मेक्सिकोत कृषिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1936 मध्ये त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी परतण्याची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिश अमदानीतील बंदीमुळे ती प्रथम नाकारण्यात आली. पुढे बंदी उठली व ते नागपुरात स्थायिक झाले. ज्या राजवटीने बंदी घातली ती गेली, बंदी मात्र कागदावर राहिली. आणि येथे पत्नी प्रायोजक होऊ शकेल असा मार्गच नव्हता.

अमेरिकेत 1946 च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला 100 जणांचा कोटा व नागरिकत्वाचा हक्क मिळाला. 1965 च्या कायद्यात नागरिकाच्या पती-पत्नीला संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले गेले. आजच्या मुदतबंद प्रवेशबंदीचे मूळ मात्र 1996 च्या कायद्यात आहे. विनापरवाना वास्तव्य 180 दिवसांहून अधिक व एक वर्षाहून कमी असल्यास 3 वर्षे, एक वर्ष किंवा अधिक असल्यास 10 वर्षे बंदी लागू होते. ती देश सोडल्यावर सुरू होते, हे विशेष. व्हिसा घेऊन रीतसर आलेल्या, पण मुदत उलटून राहिलेल्या व्यक्तीने नागरिकाशी विवाह केल्यास ती बहुधा तेथेच राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. पण तीच व्यक्ती वडिलांच्या अंत्यविधीसाठी गावी आली तर परतीचा मार्ग बंद होतो.

अशा वेळी जोडीदार काय करू शकतो? विवाहाच्या आधारे केलेला अर्ज बंदीच्या काळातही दाखल होतो व मंजूरही होतो, पण त्यामुळे बंदीचे दिवस कमी होत नाहीत. सूट हवी असल्यास नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती, पत्नी अथवा आईवडिलांना ‘अत्यंतिक हालअपेष्टा’ सोसाव्या लागतील, हे सिद्ध करावे लागते. बंदी असलेल्या व्यक्तीचे स्वतःचे हाल यात धरले जात नाहीत. अपत्याचे हालही स्वतंत्रपणे धरले जात नाहीत. एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसावर प्रशिक्षणासाठी गेलेल्या डॉक्टरांना दोन वर्षे मायदेशी राहण्याची जी अट असते, तिच्यातून सूट देताना मात्र नागरिक अपत्याचे हाल ग्राह्य धरतात. एकाच देशाच्या कायद्यात मुलाच्या दुःखाला दोन वेगळी वजने का असावीत, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास सापडलेले नाही. 2013 पासून ही सूट देश सोडण्यापूर्वीच मागण्याची सोय झाली, त्यामुळे दीर्घ ताटातुटीची टांगती तलवार काहीशी दूर झाली.

बंदीची मुदत संपली तरी प्रायोजकाचे काम संपत नाही. 1996 च्याच कायद्याने आर्थिक हमीपत्र बंधनकारक केले. प्रायोजकाचे उत्पन्न साधारणतः शासकीय दारिद्र्यमर्यादेच्या 125 टक्के असावे लागते. विवाह खरा आहे हे वेगळे दाखवावे लागते आणि तेथे आपल्याकडील कागदपत्रांचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा सध्याचा अधिनियम 1998 चा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश 2006 मध्ये दिले. त्यापूर्वीच्या अनेक विवाहांचा पुरावा म्हणजे लग्नपत्रिका, अल्बम व भटजींची साक्ष. सप्तपदी झाली, गावजेवण झाले, तरी वाणिज्य दूतावासाच्या खिडकीवर आधी मागितला जातो तो विवाह निबंधकाचा दाखला.